वारेकडे कोणी पाहिलेच नाही

गौरी आल्या त्या दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर दोन पानांचा अहवाल आला. घरात मुंबईहून आलेले दीर-जावा आणि त्यांची मुले, ओटीवर भजनाची तयारी, गणपतीवर बांधलेल्या माटवीत नारळ, कवंडळे आणि कळलावीची फुले. आणि मी माजघराच्या कोपऱ्यात उभी राहून पहिल्या पानावरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते : ‘ट्रायसोमी २१, जोखीम १:१६०, स्क्रीन पॉझिटिव्ह’. गर्भाला बारा आठवडे पूर्ण झाले होते, माझे वय अडतीस होते, आणि गेली चौदा वर्षे मी मालवण तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या फळ्यावर काढून दाखवत आले आहे. त्या ओळीतला प्रत्येक शब्द मला कळत होता. तरीही दुसरे पान नीट वाचण्याचे भान मला राहिले नाही, आणि ते पान वारेविषयी, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लॅसेंटाविषयी, काय सांगते ते पुढे कित्येक आठवडे कोणीच मला सांगितले नाही.

१:१६० याचा अर्थ असा, की माझ्याएवढे वय, सोनोग्राफीतले तेच माप आणि रक्तातले तेच आकडे असलेल्या १६० बायका घेतल्या, तर त्यांच्यापैकी एकीच्या गर्भाला ट्रायसोमी २१ म्हणजे डाऊन सिंड्रोम (२१ वे गुणसूत्र दोनाऐवजी तीन) असेल आणि १५९ जणींच्या गर्भाला नसेल. माझ्या अहवालात सीमारेषा १:२५० ची धरली होती. तिच्याहून जास्त जोखमीचे सगळे ‘पॉझिटिव्ह’. हा शब्द मोठा घात करतो, कारण कोविडनंतर ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग आहेच, असे गावातले शेंबडे पोरही सांगते. चाळणी परीक्षा, म्हणजे फक्त जोखीम सांगणारी ही तपासणी, आणि निदान यांतला फरक मी सासूबाईंना सांगायला लागले, तर माझे वाक्य त्यांनीच पुरे केले : “म्हणजे आंब्याचो साको. भायरसून दिसणा नाय, कापल्याशिवाय कळणा नाय.” हापूसच्या पेटीत साका कोणत्या फळात आहे हे वरून सांगता येत नाही, हे इथे सर्वांना ठाऊक असते, आणि चाचणीची मर्यादा सांगायला ही उपमा चपखलही आहे. मला ती तेवढ्यापुरतीच मान्य आहे. साका म्हणजे फळाची नासाडी. एक गुणसूत्र जादा घेऊन जन्मलेल्या माणसाला नासका म्हणायची माझी तयारी नाही.

आता या चाचणीत नेमके काय मोजतात, ते सांगते. अकरा आठवडे ते तेरा आठवडे सहा दिवस या काळात सोनोग्राफीने गर्भाच्या मानेमागच्या पातळ द्रवाची जाडी मोजतात, नाकाचे हाड दिसते का ते पाहतात, आणि आईच्या रक्तात दोन द्रव्ये तपासतात : ‘पॅप-ए’ नावाचे प्रथिन आणि ‘फ्री बीटा एचसीजी’ हे संप्रेरक. गर्भाला डाऊन सिंड्रोम असेल तर मानेमागचा द्रव बहुधा वाढलेला असतो, पॅप-ए सरासरीने निम्म्यावर येते आणि बीटा एचसीजी दुपटीच्या घरात जाते. यातली गंमत अशी, की रक्तातली ही दोन्ही द्रव्ये बाळ तयार करत नाही. ती वार तयार करते. पाठ्यपुस्तकात हिला ‘अपरा’ म्हणतात, डॉक्टर ‘प्लॅसेंटा’ म्हणतात, आणि माझ्या सासूबाई, ज्यांची आई गावात सुईण होती, त्या ‘वार’ म्हणतात. म्हणजे ज्या तपासणीला आपण बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी समजतो, तिच्यातला रक्ताचा सगळा भाग ही वारेने दिलेली साक्ष असते, आणि तिच्यावरून बाळाचा अंदाज बांधलेला असतो.

साक्षीदार एका बाबतीत बोलला की त्याच्याकडून दुसरेही काही ऐकून घ्यावे, एवढीच माझी तक्रार आहे. अहवालाच्या दुसऱ्या पानावर माझे पॅप-ए ०.३१ एमओएम असे छापले होते. एमओएम म्हणजे त्याच आठवड्यातल्या बायकांना आकड्याच्या क्रमाने रांगेत उभे केले तर बरोबर मधल्या बाईचा जो आकडा येईल त्याच्या किती पट. मधली बाई १. मी तिच्या एक-तृतीयांशाहूनही खाली. मानेमागचे माप चांगले होते, नाकाचे हाड दिसले होते, बीटा एचसीजी १.१ म्हणजे जवळजवळ मधोमध होते. एकटे पॅप-ए खाली गेले होते. गुणसूत्रे ठीक असतानाही पॅप-ए इतके कमी येते, तेव्हा वारेची रुजवण कमकुवत असण्याची, पुढे बाळाची वाढ खुंटण्याची आणि आईचा रक्तदाब चढण्याची शक्यता वाढलेली असते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असायला हवे होते त्यांनी सांगितले नाही.

त्या दिवसांत माझ्याशी जो कोणी बोलला तो गुणसूत्रांविषयीच बोलला, आणि फिरून फिरून एकच प्रश्न विचारला गेला : असे का झाले? एका आत्येने ग्रहणाचा विषय काढला, दुसरीने पपईचा. नणंद मुंबईत नोकरी करते. तिने वयाचा काढला आणि ती निदान तथ्याच्या जवळ होती. बाईची बीजांडे ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. त्यांच्यातले गुणसूत्रांचे विभाजन सुरू होऊन मध्येच थांबते, आणि ते बीजांड पक्व होईपर्यंत, म्हणजे कोणाचे पंधरा तर कोणाचे चाळीस वर्षे, तसेच थांबून राहते. त्या काळात जोडीतली गुणसूत्रे प्रथिनांच्या कड्यांनी एकत्र धरून ठेवलेली असतात. बंदरात सुंभाने बांधून ठेवलेल्या होडीचा विचार करावा : दोर बांधला त्या दिवशी उत्तम असतो, पण अडतीस पावसाळे खाल्ल्यावर तो कुठे झिजला आहे हे ओढ बसेपर्यंत समजत नाही. विभाजनाच्या वेळी जोडी नीट सुटी झाली नाही तर एका बीजांडात २१ वे गुणसूत्र एकाऐवजी दोन जाते, त्यात पित्याकडचे एक मिळते आणि तीन होतात. डाऊन सिंड्रोमच्या सुमारे ९५ टक्के मुलांत हेच घडलेले असते, आणि त्यांतल्या साधारण नव्वद टक्क्यांत जादा गुणसूत्र आईकडून आलेले असते. विशीच्या सुरुवातीला ही शक्यता दीड हजारात एक, पस्तिसाव्या वर्षी साधारण ३५० मध्ये एक, चाळिसाव्या वर्षी शंभरात एक. असे असूनही डाऊन सिंड्रोमची बरीच मुले तरुण आयांना होतात, कारण एकूण बाळंतपणेच त्या वयात जास्त होतात. तेव्हा ‘आमची सून पंचवीसची आहे, तिला कशाला चाचणी’ हे वाक्य मी ऐकते तेव्हा गप्प बसत नाही. ग्रहण आणि पपई यांचा या दोरांशी काही संबंध नाही.

माटवीतल्या कळलावीचा मात्र गुणसूत्रे मोजण्याशी संबंध आहे. श्रावण-भाद्रपदात आमच्या गडग्यांवर चढणारी ही लाल-पिवळी वेल विषारी असते, तिच्या कंदात कोल्चिसिन असते, आणि प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी तो कंद वापरत म्हणूनच तिचे नाव कळलावी. पेशींचे विभाजन ऐन मधोमध थांबवायचे असेल तर याच कोल्चिसिनाचा किंवा त्याच्या जवळच्या द्रव्याचा उपयोग करतात. त्या क्षणी गुणसूत्रे सर्वांत आखूड आणि ठळक असतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. ही पद्धत बसेपर्यंत माणसाची गुणसूत्रे ४८ असतात असेच पुस्तकांत छापले जात होते. १९५६ मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे जो हिन त्जियो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी ती ४६ असल्याचे दाखवले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, पॅरिसमध्ये जेरोम लेज्यून, मार्त गोतिए आणि रेमाँ त्युर्पँ यांनी डाऊन सिंड्रोमच्या मुलांत ४७ वे गुणसूत्र असल्याचे प्रसिद्ध केले. जॉन लँग्डन डाऊन यांनी या मुलांचे वर्णन १८६६ मध्येच करून ठेवले होते, म्हणजे कारण सापडायला ९३ वर्षे गेली. पेशी वाढवण्याचे तंत्र ज्यांनी त्या प्रयोगशाळेत आणले त्या गोतिएबाईंचे नाव कित्येक वर्षे मागेच राहिले. हे वर्गात सांगितले की मुली हमखास मान वर करतात.

इथे आमच्या वाडीतल्या बाबूविषयी लिहिले पाहिजे, कारण १:१६० हा आकडा ज्याने त्याने त्याच्याकडे बघूनच वाचला. बाबू तेहतीस वर्षांचा आहे. रापण ओढायची असते तेव्हा तो दोराच्या शेपटाला असतो, आणि जाळे वाळूवर आले की बांगडे एका टोपलीत, तारल्या दुसऱ्या टोपलीत आणि कुर्ल्या बाजूला, हे काम तो इतक्या सावकाश आणि इतके बिनचूक करतो की घाई असलेली माणसे वैतागतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो तसा त्यालाही मिळतो, आणि तो कमी पडला तर त्याला कळते. त्याच्या तळहातावर एकच आडवी रेघ आहे, थायरॉइडची गोळी रोज सकाळी आठवणीने लागते, बोलणे नवख्या माणसाला समजायला वेळ लागतो. या मुलांतल्या जवळजवळ निम्म्यांना जन्मजात हृदयदोष असतो. बाबूला नाही, हे त्याचे नशीब, कारण तो जन्मला तेव्हा इथे बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी कोणी ऐकलीही नव्हती. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचे सरासरी आयुष्य पंचवीस वर्षे होते. ते आता साठीच्या घरात आहे, आणि हा फरक मुख्यतः हृदयाच्या शस्त्रक्रियांनी आणि माणसांना संस्थेत कोंडून न ठेवण्याने पडला.

बाबूच्या धाकट्या बहिणीची स्थळे तीन वेळा मोडली. प्रत्येक वेळी कारण तेच : घराण्यात आहे. माझ्या बाळंतपणाच्या आदल्या वर्षी तिने मला विचारले, “बाई, माझ्या पोरांका पण होतला काय?” उत्तर आधी बाबूच्या रक्तात शोधायचे होते. शंभरातल्या तीन-चार मुलांत जादा २१ वे गुणसूत्र सुटे नसते, ते दुसऱ्याच एखाद्या, बहुतेक वेळा १४ व्या, गुणसूत्राला चिकटलेले असते. हा प्रकार आई किंवा बाप स्वतः निरोगी असून बाळगत असू शकतात, आणि मग तो भावंडांतही असू शकतो. बाकीच्या मुलांत ते सुटे असते, आणि मग बहिणीच्या मुलांना इतरांपेक्षा वेगळा धोका नसतो. बाबूची गुणसूत्र तपासणी तीस वर्षांत कोणी केली नव्हती, कारण ‘चेहऱ्यावरून कळतेच की’. चेहऱ्यावरून डाऊन सिंड्रोम कळतो. प्रकार कळत नाही. दंडातून थोडे रक्त काढले, ते मुंबईला गेले, पेशी वाढवल्या, थांबवल्या, मोजल्या, आणि अडीच आठवड्यांनी कागद आला : ४७, सुटे २१ वे. तो कागद बाबूच्या आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या फळीवर ठेवला आहे. पुढचे स्थळ आले तेव्हा तो दाखवला आणि लग्न झाले. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी ही एक तपासणी मुलाच्या लहानपणीच करून घ्यावी.

माझ्याकडे वळते. निदान पक्के करायला दोन वाटा होत्या आणि दोन्ही कोल्हापुराकडे जात होत्या. दसऱ्याच्या आधी एका पहाटे आम्ही कणकवलीवरून फोंडाघाट चढून राधानगरीमार्गे गेलो. घाटात माझा नवरा नेहमीप्रमाणे बोलत नव्हता. आम्ही एवढेच ठरवले होते, की अहवाल हाती येईपर्यंत काहीच ठरवायचे नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही चाचण्या पेनाने कागदावर काढून समजावल्या. एक रक्ताची : आईच्या रक्तात गर्भधारणेतले डीएनएचे सुटे तुकडे फिरत असतात, हे डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवले; ते मोजून २१ वे गुणसूत्र जादा आहे का ते दहाव्या आठवड्यापासून सांगता येते, आणि डाऊन सिंड्रोमसाठी ही चाचणी ९९ टक्क्यांहून अधिक प्रकरणे पकडते. दुसरी गर्भजलाची : सोनोग्राफीत बघत पोटातून बारीक सुई घालून थोडे पाणी काढायचे आणि त्यातल्या बाळाच्या पेशींची गुणसूत्रे मोजायची. तिच्यात गर्भपाताचा धोका असतो, पण सरावलेल्या हातात तो शेकडा एकापेक्षा बराच कमी.

मी पहिलीच निवडणार होते. सुई कोणाला हवी असते? तेव्हा बाई म्हणाल्या, “हे तुकडे बाळाचे म्हणून सांगतात, पण ते येतात वारेच्या पेशींतून.” वार आणि बाळ एकाच फलित बीजांडातून होतात, म्हणून बहुतेक वेळा त्यांची गुणसूत्रे सारखीच असतात. पण शंभरातल्या एक-दोन गर्भधारणांत वारेच्या काही पेशींत गुणसूत्र जादा असते आणि बाळात नसते. क्वचित उलटेही होते. माझे पॅप-ए इतके खाली असल्यामुळे वारेविषयीच शंका होती, आणि जिच्यावर शंका तिलाच पुन्हा साक्षीला बोलावण्यापेक्षा बाळाच्या पेशी पाहाव्यात असे त्यांचे मत पडले. मला ते पटले. हेच वाक्य आणखी दोन पावले पुढे गेले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. पण बाहेर रांग होती.

सुई टोचायला एखादे मिनिट लागले. पाणी फिकट पिवळे होते, वाळलेल्या गवताच्या रंगाचे. तिसऱ्या दिवशी फोन आला की मुख्य गुणसूत्रे दोन-दोनच दिसतात, आणि दिवाळीच्या सुमाराला पूर्ण अहवाल आला : ४६. शेवटची जोडी चित्रातून झाकलेली होती, कारण गर्भाचे लिंग सांगणे १९९४ च्या कायद्याने बंद आहे. हे सगळे होईपर्यंत गर्भाला अठरा-एकोणीस आठवडे झाले होते. हा हिशेब महत्त्वाचा आहे. गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर विसाव्या आठवड्यापर्यंत एका डॉक्टरांच्या मताने आणि पुढे चोविसाव्यापर्यंत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे गर्भात गंभीर दोष असेल तरच वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते. ज्या जोडप्याला काय करायचे याचा शांतपणे विचार करायचा असेल त्याला हे आठवडे लागतात. आमच्याकडे कितीतरी बाया पहिली सोनोग्राफीच पाचव्या महिन्यात करतात, आणि मग विचाराला दिवसच उरत नाहीत.

पेढे वाटले गेले. सासूबाईंनी सातेरीला नारळ दिला. ज्या दवाखान्यात माझी नियमित तपासणी चालू होती तिथे फाइलच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘कॅरिओटाइप नॉर्मल’, म्हणजे गुणसूत्रे ठीक, असे लिहिले गेले आणि त्याखालची सगळी पाने जणू मिटली. पुढचे दोन महिने प्रत्येक भेटीत मला ‘आता काही टेन्शन नाही’ हेच ऐकायला मिळाले. मीही ते मानले. विज्ञान शिकवणारी असून मानले, कारण तेच ऐकायचे होते.

खोट पहिल्यांदा दिसली ती उपकेंद्रातल्या सिस्टरना, कापडी टेपने. अठ्ठावीस आठवड्यांना त्यांनी पोट मोजले. साधारण जितके आठवडे तितके सेंटिमीटर, दोन-तीनचा फरक चालतो. माझे चोवीस भरले. त्यांनी टेप पुन्हा लावला, मग रक्तदाब घेतला, तो १३८/८८ होता, आणि त्या म्हणाल्या, “बाई, उद्याच सोनोग्राफी करा, सोमवारची वाट बघू नका.” सोनोग्राफीत बाळ आठवड्यांच्या मानाने बरेच लहान निघाले आणि नाळेतला रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत वारेकडून होणारा अडथळा वाढलेला दिसला. त्या तपासणीच्या डॉक्टरांनी जुनी फाइल मागितली, दुसरे पान उघडले, ०.३१ वर बोट ठेवले आणि विचारले, “ॲस्पिरिन कधी सुरू केली होती?”

वार रुजते तेव्हा काय होते, ते मी त्यानंतर वाचले. गर्भाशयात आईच्या बारीक, नागमोडी धमन्या असतात. वारेच्या पेशी पहिल्या चार-पाच महिन्यांत त्यांच्यात शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू हटवतात आणि त्या अरुंद नळ्यांचे रुंद नरसाळे करतात, म्हणजे रक्त जोराने न घुसता संथ आणि भरपूर येते. वारेच्या फांद्या त्या रक्तात उभ्या असतात, भरतीच्या वेळी खाडीतल्या कांदळाची मुळे पाण्यात असतात तशा. आईचे रक्त त्यांच्या बाहेरून वाहते, बाळाचे आतून, दोन्ही मिसळत नाहीत, आणि प्राणवायू व अन्न मधल्या पातळ पडद्यातून जाते. नळ्या रुंद झाल्याच नाहीत तर काही फांद्या उपाशी मरतात, बाळाच्या हृदयाला उरलेल्या फांद्यांत रक्त ढकलणे जड जाते, आणि तोच अडथळा डॉप्लरमध्ये दिसतो. मी हे घरी सांगत होते तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर न बघता म्हटले, “वार बरी नाय म्हणजे पोराक खाणा पोचणा नाय.” चार महिन्यांत कोणत्याही कागदावर न आलेले वाक्य ते.

आठवड्याला एक, मग दोन डॉप्लर, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शने, आणि चौतिसाव्या आठवड्यात एका सकाळी नाळेतला प्रवाह दोन ठोक्यांच्या मध्ये थांबतो आहे असे दिसल्यावर त्याच दिवशी सिझेरियन. मुलगी १ किलो ४६० ग्रॅमची झाली आणि लगेच रडली. मी शुद्धीवर होते, म्हणून सिस्टरना वार दाखवायला सांगितले. शिक्षिका आहे असे सांगितल्यावर त्यांनी हसून ट्रे जवळ आणला. चांगली वार पुऱ्या दिवसांना सुमारे अर्धा किलोची, वीतभर रुंदीची, एका बाजूने गडद लाल आणि कोवळ्या काळजासारखी मऊ, पंधरा-वीस खणांत विभागलेली असते. माझी तळहाताहून थोडीच मोठी होती. वजन २७० ग्रॅम भरले. कडेला तीन ठिकाणी खणच्या खण फिकट पिवळे आणि घट्ट झाले होते, शिळ्या खरवसासारखे. सिस्टरनी हातमोज्याचे बोट दाबले तर बाकीचा भाग दबे आणि तिथे दबत नव्हते. उलट बाजू मात्र सुंदर होती, निळसर, चकचकीत, नाळेपासून फुटलेल्या रक्तवाहिन्या माडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या. सासूबाईंच्या आई प्रत्येक बाळंतपणानंतर वार पूर्ण आली का ते दोन्ही बाजूंनी बघत आणि मग परसात माडाच्या आळ्यात पुरत. माझी फॉर्मालिनच्या डब्यातून तपासणीला गेली आणि अहवालात पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग मृत असल्याचे आले.

आता माझी तक्रार नीट मोजूनमापून मांडते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ॲस्प्रे’ या मोठ्या चाचणीत, जोखीम असलेल्या १,७७६ गर्भवतींपैकी अर्ध्यांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ व्या आठवड्यापर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. रक्तदाबाच्या ज्या गंभीर आजारामुळे ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागते, तो दुसऱ्या गटात ४.३ टक्के आणि ॲस्पिरिनच्या गटात १.६ टक्के झाला. बाळाच्या वाढीवर तिचा परिणाम इतका स्पष्ट नाही. म्हणून ती गोळी मिळाली असती तर माझी मुलगी अडीच किलोची झाली असती, असे मी म्हणणार नाही. पण गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत, त्या नळ्या रुंद होण्याचे काम चालू असतानाच सुरू करायची असते, आणि त्या आठवड्यांत आम्ही सगळे गुणसूत्रांची वाट पाहत होतो. चोविसाव्या आठवड्यापासून वाढीची सोनोग्राफी तरी ठरवून ठेवता आली असती. ती टेपवर सोडली गेली. ॲस्पिरिन सरसकट सगळ्यांनी घ्यायची गोळी नाही आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची, हेही इथेच लिहून ठेवते, नाहीतर उद्या कोणी मेडिकलमधून आणून घेईल.

आणि गुणसूत्रांचा अहवाल उलटा आला असता तर? तर वारेकडे अधिकच पाहावे लागले असते. डाऊन सिंड्रोमच्या गर्भात वारेच्या पेशींतही बहुधा तेच जादा गुणसूत्र असते, तिच्या बाहेरच्या थराच्या पेशी नीट एकजीव होत नाहीत. म्हणून तर रक्तातले आकडे बदलतात. बाराव्या आठवड्याला जिवंत असलेल्या अशा गर्भांपैकी सुमारे तीस टक्के पुढे जन्मापर्यंत पोचत नाहीत, आणि जी बाळे पोचतात ती पुष्कळदा लहान भरतात. जे आई-बाप विचारपूर्वक गर्भ ठेवतात त्यांना बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी सांगितली जाते, आणि ती सांगायलाच हवी. पण त्यांना वाढीची आणि डॉप्लरची तपासणीही तेवढ्याच आग्रहाने सांगितली पाहिजे.

मुलगी आता सव्वा वर्षाची आहे, चालते, वजनाला अजून हलकी. बाबू तिला ‘चिंगळा’ म्हणतो, म्हणजे कोलंबीचे पिल्लू, आणि सोडून दिल्यावर पुन्हा उचलून घेतो.

गेल्या मार्गशीर्षात त्याची बहीण संध्याकाळी आली. तिला दिवस राहिले होते, वय सत्तावीस, आणि हातात तसाच दोन पानी अहवाल. पहिल्या पानावर १:९४०, हिरव्या अक्षरांत ‘कमी जोखीम’. तिच्या नवऱ्याने पेढ्याचा पुडाही आणला होता. मी पुडा घेतला आणि दुसरे पान उलटले. पॅप-ए ०.३८. साधारण ०.४ च्या खाली गेले की विचारावे, असे मला तोवर पाठ झाले होते. त्या पानाचा फोटो काढून तिने डॉक्टरांना पाठवला, बारा आठवडे पाच दिवस झाले होते, आणि रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला की सकाळी सातला ये, रक्तदाब बघून गोळी लिहून देतो. सध्या तिला तिसावा आठवडा चालू आहे. परवाच्या सोनोग्राफीत बाळ लहान बाजूला आहे, पण रेषेच्या आत. पुढची तपासणी येत्या मंगळवारी कुडाळला.